लटारूभाऊचा गडवा

आमच्या पोंभुर्ण्याकडे लटारूभाऊबद्दल एक बातमी पक्की होती: हा माणूस जन्माचा मुका, म्हणून त्याला दंडारीच्या, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याच्या, खेळात बिनबोलीचं सोंग दिलं. साफ खोटं. तो बोलतो. फक्त दुसऱ्याचं बोलणं संपू देतो, आणि आमच्या गावात कोणाचंच बोलणं संपत नाही.

सोंग होतं 'बसा इवाई' या जुन्या दंडारीतलं. गोष्ट एवढीच: दोन इवाई, म्हणजे व्याही, जेवायला येतात आणि पाट एकच असतो. "बसा इवाई." "नाई नाई, पयले तुमी." नातवंडं मोठी होतात, त्यांची लग्नं होतात, इवायांच्या मिशा पिकतात, पण कोणी बसत नाही. मधोमध हात धुवायला पाण्याचा गडवा घेऊन लटारूभाऊ उभा. बावीस वर्षं उभा. मग इवायांची सोंगं घेणारे सोमाजी आणि इतवारी एकाच उन्हाळ्यात वारले आणि दंडार बंद पडली. कागदावर तिची एक ओळ नव्हती.

सत्तावन्न साली गावाने मंडईसाठी, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेसाठी, ती पुन्हा उभी करायची ठरवली, आणि नट आणले कोण? चिमूरचे बापूजी आणि ब्रम्हपुरीचे देवाजी! या दोघांचं नाव निघालं की झाडीपट्टीतले लोक बैलबंड्या जुंपतात.

पहिल्या तालमीला बापूजींनी विचारलं, "भाषणं कोनापाशी हायेत?"

लटारूभाऊने गडवा खाली ठेवला आणि सुरू झाला. आधी सोमाजीचा खाकरा, मग तो घोगरा आवाज. लगेच इतवारीचं नाकातलं "नाई ऽऽ नाई". गावभरच्या नकला मी करते, पण त्या दिवशी माझं तोंड उघडंच राहिलं. सोमाजीची बायको गुणाबाई दारात उभी होती. तिने डोक्यावर पदर घेतला.

वाद झाला तो शेवटावरून.

"आखरीले मी बसतो," बापूजी म्हणाले. "लोकं दहा कोसावरून येतेत भाऊ, त्याईले शेवट पायजे."

"बसले त दंडार मेली," लटारूभाऊ म्हणाला.

"मंग काय, उभंच राहाचं?"

"बावीस वर्स राह्यलो ना मी."

बापूजी हसले, पण ऐकलं नाही. लटारूभाऊला घास गोड लागेना. एवढा मोठा नट एकदा बसला की झाडीभर सगळे बसणार, आणि सोमाजी-इतवारीची दंडार कोणाला आठवणारही नाही.

मी म्हटलं, "भाऊ, थो बसतेच. लावता पैज?"

तो हरला तर मला सोमाजीचा खाकरा शिकवणार. मी हरले तर चैतात आठ दिवस त्याची मोहफुलं वेचणार.

मंडईच्या दिवशी भर दुपारी खेळ लागला. माणसं झाडांवर चढून बसलेली. बापूजी-देवाजींनी पोटं दुखेपर्यंत हसवलं. शेवटी बापूजींनी धोतर सावरलं आणि गुडघे वाकवले. पाट वीतभर राहिला, तेवढ्यात गडवा एक पाऊल पुढे आला.

"काऊन घाई करता इवाई?" लटारूभाऊ अगदी अदबीने म्हणाला. "तुमच्या जेवनाचा धान आत्ताच पेरला जी."

असा हशा उठला की एक माणूस फांदीसकट खाली आला. बापूजी तसेच अर्धे वाकलेले. पण नट खरा. सावकाश सरळ झाले, हात जोडले आणि देवाजींकडे वळले. "मंग पयले तुमीच बसा!"

त्या हिवाळ्यात चौदा गावांत खेळ झाले. लटारूभाऊचं वाक्य बापूजींनी कायम ठेवलं, आणि एकाही गावात त्या पाटाला कोणाचं धोतर लागलं नाही.

चैतात मोहाखाली वाकल्या वाकल्या मी कुरकुर केली, "भाऊ, तुमी मधात बोलले. हे पैजेत नव्हतं."

"पैज बसाची होती पोरी, बोलाची नाई," तो म्हणाला. "थे पाह्य, त्या बुंध्यापाशी फुलं राह्यले तुह्ये."