फॉरमॅट मारणाऱ्यांची बिल्डिंग

सुरतेत भेस्तानच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कॉम्प्युटर येऊन बरीच वर्षं झाली. अक्कल अजून रस्त्यातच आहे. साडीचे धागे कापायला बसलेल्या बाईच्या मांडीवर तुकडे साचतात ना, तसे या लोकांचे किस्से माझ्याकडे साचत गेले. झटकले तरी दोनचार पदराला चिकटतातच. यंदा ‘नवीन सिस्टिम टाका, जुनीची मुदत संपली’ असं घरोघरच्या स्क्रीनवर यायला लागलं आणि मग तर मांडीच भरली!

आधी माझ्याबद्दल. मी घरी बसून पंचिंग करते. म्हणजे एम्ब्रॉयडरीच्या मशीनने कुठे टाका घालायचा, कुठे रंग बदलायचा, हे कॉम्प्युटरवर काढून द्यायचं. लेहेंग्यावरचा मोर तुम्हाला मोर दिसतो, मला टाके दिसतात. हे मला कोणी शिकवलं नाही. कतारगामच्या कारखान्यात मी धागे कापायला जायची. डिझायनरसाहेब काचेच्या केबिनमध्ये, एसीत. आम्ही बाया बाहेर, घामात. मी कात्री चालवता चालवता काचेतून त्याचा स्क्रीन बघायची. त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याने काचेला आतून जाहिरातीचा कागद चिकटवला. कागद माझ्या उंचीइतकाच. मी पाटावर उभी राहिले!

तर अशी मी. आता बाकीच्यांचं ऐका.

*

स्क्रीनवर मुदत संपल्याचं आलं म्हणून मी खालच्या मेहुलच्या दुकानात गेले. मेहुल कॉम्प्युटर दुरुस्त करतो. निदान पाटी तरी तसं म्हणते.

“मेहुल, हे असं असं आलंय बघ.”

त्याने मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही. “मासी, फॉरमॅट मारी दऊं?”

“अरे, आधी बघ तरी!”

“जोवानुं शुं? फॉरमॅट मारीए एटले बद्धुं साफ.”

सगळं साफ! त्याच्यात माझी सगळी डिझाइनं आहेत. कारखान्यात पेनड्राइव्हवर जाते ती मशीनची फाइल, तिच्यात पुढे धड बदल करता येत नाही. टाका कमी करायचा, पाकळी वळवायची, तर मूळ फाइल लागते आणि ती घरच्या कॉम्प्युटरवर. हे मी त्याला नीट समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तो पछी फॉरमॅट क्यारे मारवुं छे?” मग कधी मारायचा, म्हणे!

ताप आला म्हणून माणूस नेला, तर हा त्याची तिरडी बांधायला बसेल!

*

शेजारच्या हंसाबेनचे मिस्टर नटुभाई. साड्यांची दलाली करतात. चोघडियुं, म्हणजे वेळ शुभ की अशुभ, ते बघितल्याशिवाय हा माणूस दाढी करत नाही. आता घरात नवीन सिस्टिम यायची म्हणजे काय साधी गोष्ट? कमुरतां लागली, म्हणजे शुभकार्य वर्ज्य, तो महिना गेला. मग साळ्याने सांगितलेला दिवस, तोही गेला. शेवटी मुहूर्त निघाला. लाभ चोघडियुं. स्क्रीनवर कंकूचा साथियो, म्हणजे स्वस्तिक काढलं. कॉम्प्युटर म्हणतोय ‘कृपया थांबा’ आणि नटुभाई हात जोडून उभे!

मी कौतुक बघायला गेले होते. टक्के चढत होते. हंसाबेनने पेढे आणून ठेवले. आणि टक्के नव्वदीच्या पुढे गेले तसे नटुभाई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून घामाघूम झाले.

“लाभ पूरुं थयुं! काळ बेठुं!” लाभ संपून अशुभ काळ चोघडियुं लागलं होतं.

“मग बसू द्या की,” मी म्हटलं. “थोडंच राहिलंय.”

“काळमां पूरुं थाय ए न चाले, मासी!”

आणि त्यांनी वायर ओढली. भिंतीतून! स्क्रीनवर ‘बंद करू नका’ असं ढळढळीत लिहिलेलं.

पुढे तो कॉम्प्युटर काही उठला नाही. जुनी सिस्टिम लाभात गेली, नवी काळात आलीच नाही. पेढे मात्र मी खाल्ले. टाकायचे कशाला!

*

दुसऱ्या मजल्यावरचे भगवानराव आमच्याच खान्देशातले. उधन्याला लूमवर आयुष्य काढलं. मुलाने त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर दसऱ्याच्या दिवशी नवीन सिस्टिम टाकली. भगवानरावांनी झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं, आपट्याची पानं ठेवली. इथपर्यंत ठीक. माझ्याही मशीनला मी हार घालते.

पण दसऱ्याला लूमच्या लोखंडी फ्रेमवर नारळ फोडायची हाताला सवय! मुलगा प्रसादाला गूळ आणायला आत गेला आणि भगवानरावांनी डब्याच्या लोखंडी कोपऱ्यावर दणकन नारळ हाणला. चालू कॉम्प्युटरवर! वरच्या जाळीतून पाणी आत. आतून ‘फुस्स’ आणि वर धूर.

सिंधूबाई, त्यांची बायको, किंचाळली, “काय करं हो तुम्ही हाई!”

भगवानरावांचा चेहरा बघण्यासारखा. म्हणे, “लूमले तर कधी काही व्हयनं नही!”

मेहुलकडे नेला. त्याने डबा उघडला, आत खोबरं. आयुष्यात पहिल्यांदा त्या पोराने मोबाइल खाली ठेवला. मग म्हणाला, “फॉरमॅट मारी जोईए?”

*

आता आमचे जावईबापू. प्रशांतराव. माझ्या कल्पनाचा नवरा. मोठ्या कंपनीत आयटीत आहेत. आयटीत म्हणजे काय करतात हे मी लग्नापासून विचारतेय. उत्तर इंग्रजीत येतं.

त्यांनी माझ्या कॉम्प्युटरकडे चिंध्यांच्या गाठोड्याकडे बघावं तसं बघितलं. “आई, याच्यावर नवीन सिस्टिम चढणारच नाही. याच्यात ती चिप नाही.”

“चिप नाही म्हणून काय झालं? चालतोय ना! माझ्याकडे तरी कुठे सर्टिफिकेट आहे?”

“तसं नाही आई, सिक्युरिटी असते...”

कल्पना मधेच म्हणाली, “आई, नाहीतर आता पुरे ना. डोळे किती ताणायचे? जुना बंद पडला की काम बंद. आमच्याकडे ये, नाश्ता कर, सीरियल बघ.”

म्हणजे दोघांचं आधीच ठरलेलं! कॉम्प्युटर जुना झाला हे निमित्त, मुदत माझी संपवायची होती. नाश्ता कर म्हणे! मी त्याच आठवड्यात माझ्या कमाईतून नवा डबा आणला आणि जावईबापूंना म्हटलं, “हं, आता चढवा.”

*

चढवायचा दिवस. प्रशांतराव रविवारी आले, बाह्या सरसावल्या. तीन वायरी लावायच्या होत्या, पण आव असा की विहीर खणायचीय. जुन्यातली डिझाइनं नव्यात घेतली, जुना कोरा करून भंगारात काढला.

“एक कॉपी बाहेर कुठेतरी ठेवा,” मी म्हटलं.

“कशाला आई? सगळं क्लाउडवर जाईल.”

“कधी?”

“जाईल हो!”

मग पासवर्ड. मी म्हटलं, मी ठेवते. तर म्हणे, “तुमच्या लक्षात राहणार नाही. मी ठेवतो, स्ट्राँग. आणि मशीन रोज विचारणार नाही असं करून देतो.” खटाखट काहीतरी मारलं. तेवढ्यात त्यांच्या साहेबाचा फोन आला. ‘यस सर, यस सर’ करत गॅलरीत गेले ते गेलेच.

स्क्रीनवर कॉम्प्युटर काहीबाही विचारत बसला. इंग्रजीत. इंग्रजी मी सॉफ्टवेअरच्या मेनूतून शिकलेय, मला अडत नाही. कोणी काही विचारलं तर उत्तर द्यावं, ही आपली रीत. दिली. पान पुढे गेलं.

जावईबापू आत आले. “अरे वा, झालं पण! आई, तुम्ही कुठे हात लावला नाही ना?”

“छे, मी कशाला लावू!”

मग मी माझ्या सॉफ्टवेअरची चावी लावली. बोटाएवढी असते, डोंगल म्हणतात. ती लागली नाही तर सॉफ्टवेअर उघडत नाही. नव्याने जुनी चावी ओळखली नसती तर माझं दुकान तिथेच बंद होतं. मी श्वास धरून बसले. चावीचा बारीक लाल दिवा लागला. माझा मोर उघडला, टाक्यान् टाका जागेवर.

बाकी नवीन सिस्टिमबद्दल विचाराल, तर कोपऱ्यातलं स्टार्टचं बटण उचलून मधे आणून ठेवलंय. कोणी सांगितलं होतं? वर सारखा विचारतो, ‘मी तुम्हाला काय मदत करू?’ मधून ऊठ, हीच मदत!

*

आणि आता तो दिवस.

सकाळी चहा घेऊन बसले, तर रात्रीत कॉम्प्युटरने स्वतःच्या मनाने काहीतरी अपडेट करून घेतलेलं. आणि रोज न विचारणारा पासवर्ड मागत होता. तेवढ्यात माझं काम घेणाऱ्या कांतिभाईंचा फोन. कतारगामला त्यांच्या मशीनवर माझा मोर चढलेला, लग्नाचे लेहेंगे.

“मासी, पिसाऱ्यात दोरा तूटे छे. टाका बहु घट्ट छे. मशीन ऊभी छे!”

मशीन उभी म्हणजे कारागीर उभे, कांतिभाई उभे आणि माझी अब्रू उभी. टाके सैल करायला पाच मिनिटं नाही लागत. पण फाइल आत आणि मी बाहेर!

जावईबापूंना बोलावलं. कल्पनाही आली. प्रशांतराव बसले. पहिला पासवर्ड, चूक. दुसरा, चूक. एकात मोठं अक्षर होतं म्हणे, एकात आकडा होता म्हणे. इतका स्ट्राँग, की ठेवणाऱ्यालाच पेलवेना.

“काळजी करू नका आई. विसरलं तर तो तीन प्रश्न विचारतो. उत्तरं मीच तर टाकलीत.”

मी गिलकी चिरायला घेतली.

“पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव. आमचा टायगर.” टायगर मारला. “जन्मगाव. जळगाव.” जळगाव मारलं. “पहिली शाळा...” शाळेचं लांबलचक इंग्रजी नाव मारलं, कॉन्व्हेंटसकट. चूक! पुन्हा मारलं, स्पेलिंग बदलून. चूक! टायगरचं लाडाचं नाव मारलं. बिचारा तोही चूक!

फोन वाजला. कांतिभाई. “मासी, केटली वार? बीजाने कहुं?” दुसऱ्याला सांगू का, म्हणतोय! इतक्या वर्षांत त्या माणसाने हा शब्द काढला नव्हता.

“क्लाउडवर बघा ना,” मी म्हटलं.

प्रशांतरावांनी स्वतःच्या मोबाइलवर बघितलं. मान खाली घातली. “क्लाउड चालू करायचं राहिलं, आई.”

“मग आता?”

ते घसा खाकरून म्हणाले, “आता एकच उपाय आहे. फॉरमॅट मारावा लागेल.”

इतकं शिकून मेहुलच!

कल्पना माझ्या शेजारी येऊन बसली. हळूच म्हणाली, “होऊ दे ना आई. जाऊ दे सगळं. खूप केलंस.”

प्रशांतरावांचा हात पेनड्राइव्हकडे गेला. मी विळी बाजूला सारली, हात पदराला पुसले.

“उठा जावईबापू.”

“आई, तुम्ही काय करणार? आणखी चुकलं तर लॉक होईल!”

“उठा म्हटलं ना!”

उठले. मी बसले. पहिला पाळीव प्राणी. माझ्या माहेरची म्हैस, मैना. जन्मगाव. शिंदखेडा. मागे दोघं श्वास रोखून उभे.

तिसरा प्रश्न आला. पहिल्यांदा ज्या शाळेत गेलात, तिचं नाव.

कल्पनाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “आई... तू तर शाळेत...”

मी एका बोटाने चार अक्षरं मारली. के, ए, सी, एच.

उघडला! नवा पासवर्ड मी ठेवला. पिसारा उघडला, टाके सैल केले, फाइल कांतिभाईंना पाठवली. पलीकडून मशीन सुरू झाल्याचा आवाज फोनवर ऐकल्यावरच मी मागे वळले.

प्रशांतराव अजून स्क्रीनकडेच बघत होते.

“काच? आई, ही कुठली शाळा?”

“कतारगामची,” मी म्हटलं. “चांगली होती. एसी होता. आत!”