एक तंगडी कमी

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आधीच सांगते, म्हणजे कोणी मला देवऋषी सुचवायला नको. शाळा चौथीपर्यंत झाली, पुढे लंडनजवळ हाउन्सलोला एअरपोर्टच्या किचनमध्ये जन्म गेला. आता लीड्सला मुलीकडे, सुजाताकडे असते.

जावई डंकन स्कॉटलंडचा. हिवाळ्यात तिकडच्या डोंगरावर रीतसर परवानगीने हरणी मारतो. एकेक चांगली सांबराएवढी असते, एका खेपेत खाली येत नाही. तो वरच कापतो आणि पाठीवरच्या सॅकमधून मांस आणतो. मी खाली व्हॅनमध्ये बसून पिशव्या भरते. सुजाताला रक्त बघवत नाही... नर्स असून!

आमच्या कोकणात शिकार उचलायच्या आधी काळीज राखणदाराला ठेवतात. त्या डोंगराचा जो कोणी राखणारा असेल, त्याला. विश्वास नसला तरी रीत ती रीत. डंकनही ठेवायचा, माझ्यासाठी. गेल्या जानेवारीत मात्र पहिल्या खेपेला मागच्या तंगड्या आणल्या, आणि त्यांच्यासोबत काळीजही.

"अरे, वाटा ठेवला नाहीस?"

"सॉरी आई, विसरलो. बर्फ येतोय."

"मग हे घेऊन जा वर."

"राखणदार कॅन वेट. तू चहा पी." — मला तू म्हणतो. मुलीने तसंच शिकवलंय.

पुढच्या तंगड्या आणायला तो गेला आणि बर्फात डोंगर दिसेनासा झाला. मी हॉर्न वाजवत राहिले. फोनला सिग्नल नाही. त्या बाजूला कडा आहे, हे मला माहीत होतं. उजेड जायला लागला तशी व्हॅनमधून उतरले, काळीज एका दगडावर ठेवलं. म्हटलं, "घे म्हाराजा, तुजो वाटो घे, नि आमचो माणूस धाड."

परत व्हॅनमध्ये बसून हॉर्न वाजवत राहिले. थोड्या वेळाने डंकन आला.

"आई, कोणीतरी सॅक मागे खेचली. हार्ड! मी पडलो. समोर बघतो तर... जमीनच नाही."

उठून वळला तर ओझं हलकं लागलं, म्हणाला. मग हॉर्न ऐकू आला.

सॅक मी उघडली. बकलं घट्ट, दोरीला त्याचीच गाठ. आत एकच तंगडी.

"दोन भरल्या होत्यास ना?"

"दोन."

सॅक कुठे फाटली नव्हती, मी हात फिरवून पाहिलं. काळीज दगडावर तसंच पडलेलं. ते वाया का घालवा? घरी आणून तळलं. दोघांनी तोंड लावलं नाही, मी खाल्लं.

सुजाता म्हणते, थंडीत माणूस मोजायला चुकतो. चुकत असेल. पण बांधलेल्या सॅकमधून तंगडी गेली कशी, हे मला आजही सांगता येत नाही.

यंदा डंकन गेला तेव्हा मी आठवण करून दिली नाही. त्याने आपणहून वाटा ठेवला — काळीज नाही, पुढची तंगडी.