पंडुमच्या दिवशीची मॅच

चंद्रपूरला त्यांच्याच मैदानावर जाऊन आमच्या पोरींनी हरवलं, ही बातमी आली तेव्हा मी कणीक मळत होते. ऑटोवाला भाऊ दारातूनच ओरडला, "बाई, जिंकलो ना आपण!" मी तशाच कणकेच्या हातानं टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात समोरचे मेडिकलवाले भाऊ दुकान सोडून रस्ता ओलांडून आले आणि म्हणाले, "मंग आता आपण पुढं गेलो का नाई गेलो?" झालं. तिथून जो घोळ सुरू झाला, तो आजतागायत माझ्या डोक्यात तसाच आहे.

गडचिरोलीत कॉलेजच्या फाटकासमोर माझी खानावळ आहे. होस्टेलच्या बऱ्याच पोरी माझ्याकडं जेवतात, आणि बास्केटबॉलच्या संघातल्या तर सगळ्याच. मला या खेळातलं काही म्हणजे काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. चेंडू जाळीत गेला की दोन गुण. लांबून गेला की तीन. बरं, तेही समजू. पण मधेच सगळ्या पोरी चूप उभ्या राहतात, एकटीच निवांतपणे चेंडू टाकते आणि त्याचा एकच. का? "आरामात टाकलेल्याचा एकच भेटते बाई," असं ऑटोवाला भाऊ मला समजावतो. त्यालाही काही कळत नाही, पण तो पोरींना मैदानावर नेऊन सोडतो, म्हणून त्याचा शब्द शेवटचा.

तर पुढं गेलो का नाही, यावर त्या दिवशी माझ्या खानावळीत चर्चा बसली. आम्ही ब्रह्मपुरीकडून हरलो होतो. ब्रह्मपुरी चंद्रपूरकडून हरली होती. आणि आता चंद्रपूर आमच्याकडून हरलं. म्हणजे सगळेच एकेकदा हरलेले आणि सगळेच एकेकदा जिंकलेले. मेडिकलवाल्या भाऊंनी टेबलावर मिठाची वाटी, लोणच्याची बरणी आणि पाण्याचा जग मांडून मला समजावायचा प्रयत्न केला. लोणचं म्हणजे आम्ही. मग ऑटोवाला म्हणाला, नाही, लोणचं चंद्रपूर. दोघांचं तिथंच जुंपलं. तेवढ्यात एका गिऱ्हाइकानं लोणच्याची बरणी उचलून नेली आणि स्पर्धाच कोलमडली.

शेवटी खेळाचे सर जेवायला आले तेव्हा त्यांनाच धरलं. सर म्हणाले, आता एकच मॅच उरली आहे, आपल्याच मैदानावर, ब्रह्मपुरीसोबत. जिंकलो तर सरळ मोठ्या स्पर्धेला, बाहेरच्या राज्यात.

"आणि हरलो तर?" मी विचारलं.

"तर फरक पाहतात."

"कशाचा फरक?"

"बाई, तुम्ही भात वाढा," सर म्हणाले.

म्हणजे त्यांनाही नक्की ठाऊक नव्हतं. पण एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. भामरागडच्याही पलीकडच्या एका गावातली पोरगी आमच्या संघात होती. ती खेळली तर आपण जिंकतो, ती नसली तर आटोपलं. चंद्रपूरच्या मॅचमध्येही आपल्याला तिनंच जिंकवलं होतं. बोलायला अगदी कमी. तिला मी एकदा विचारलं होतं, "मोठ्या स्पर्धेत गेलीस तर काय करशील गं?" तर म्हणाली, "रेल्वेत बसीन बाई." तिनं तोवर रेल्वे फक्त लांबून पाहिली होती, तीही चंद्रपूरच्या रेल्वे फाटकावर गाडी थांबली तेव्हा. तिचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. म्हणजे ही गेली तर गेली, पुन्हा संधी नाही.

जिंकून आल्या त्या संध्याकाळी मी पोरींसाठी नव्या तांदळाचा भात केला. कुरखेड्याच्या बाजूला माझ्या भावाची शेती आहे, तिथून नुकताच आला होता. नवा भात जरा चिकट होतो, पण काय वास सुटतो सांगू! सगळ्या पोरी तुटून पडल्या. ही मात्र पोळी आणि भाजी खाऊन उठली. मला वाटलं, दमली असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सर सांगत आले की सरावात पोरगी धापा टाकून राह्यली. जन्मापासून भातावर वाढलेली पोरगी, तिचं दोन पोळ्यांनी काय होणार?

मग काय, पुन्हा चर्चा बसली. ऑटोवाला म्हणाला, नजर लागली, चंद्रपूरवाल्यांचीच. मेडिकलवाल्या भाऊंनी ॲसिडिटीच्या गोळ्या आणून दिल्या. माझं डोकंच फिरलं. माझ्या हातच्या भाताला आजवर कोणी नाव ठेवलं नव्हतं.

"काऊन गं पोट्टी, माह्या भातात खडे निघाले का?"

"नाई बाई." ती खाली बघत राहिली. "आमच्या गावात नवा झाला नाई अजून."

त्यांच्याकडं नवं पीक घरात आलं तरी लगेच खात नाहीत. गावाचा गायता, म्हणजे पूजा करणारा म्हातारा, दिवस ठरवतो. त्या दिवशी पंडुम होतो, नवं धान आधी देवाला आणि पूर्वजांना देतात, मग गाव खातं. यंदा गावात कोणी वारलं म्हणून पंडुम लांबला होता. आणि गावानं खाल्लं नाही तोवर ही इथं, दिवसभराच्या प्रवासाइतक्या लांब, माझ्या खानावळीतही खाणार नव्हती.

"मंग हे पह्यले सांगाले काय झालं होतं?"

"तुम्ही इतक्या खुशीनं वाढत होत्या."

आता यावर रागवायचं तरी कसं? पण मी रागावलेच. चरफडत गेले आणि शेजारणीकडून रेशनचा तांदूळ मागून आणला. तो जुनाच असतो, त्याला तिची हरकत नव्हती. "माह्या खानावळीत रेशनचा तांदूळ शिजत नाई," असं मी साऱ्या गावाला ऐकवत आले होते. तोच आता वेगळ्या गंजात, तिच्यापुरता शिजायला लागला. पोरगी पोटभर जेवली. सराव सुधारला. ऑटोवाला म्हणाला, "पाह्यलं? नजर उतरली." मी कपाळाला हात लावला.

मॅचला चार-पाच दिवस उरले असतील, तेव्हा तिच्या बापाचा फोन आला. पंडुमचा दिवस ठरला होता. आणि तो नेमका मॅचचा दिवस होता.

त्या दिवशीइतकी गर्दी माझ्या खानावळीत कधी झाली नसेल आणि जेवत मात्र कोणी नव्हतं. प्रत्येकाजवळ उपाय. सकाळी मॅच खेळून गाडीनं सोडू. नाही, तोवर तिकडं आटोपलेलं असेल. आदल्या दिवशी नेऊ आणि पहाटेच देवाला हात जोडून परत आणू. मग खेळेल काय, झोपेल? मी तिला विचारलं, "तुह्याशिवाय होत नाई का पंडुम?"

"होते ना," ती म्हणाली. "पण मी नाई असं कधी झालं नाई. तेलंगणात कामाले गेलेले लोकं पण त्या दिवशी घरी येतात."

"अवो, मंग पंडुमच एक दिवस पुढं ढकला ना जी!" ऑटोवाला म्हणाला. "एका दिवसानं काय बिघडते?"

आणि खरं सांगते, आम्हा सगळ्यांना ते पटलं. आमची अक्कल कुठं चरायला गेली होती कोण जाणे, पण पटलं. बाप आठवडी बाजाराला भामरागडला येणार होता, तिथं फोनला रेंज असते. सोबत गायताही येणार होता. बाजाराच्या दिवशी ऑटोवाल्यानं फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि पोरीला मधे बसवलं. तो मराठीत बोलणार, ती त्यांच्या भाषेत सांगणार. त्यानं भल्ली मोठी प्रस्तावना केली. गडचिरोलीची इज्जत, पोरीचं भविष्य, बाहेरचं राज्य, सगळं सांगितलं आणि शेवटी हात जोडून म्हणाला, एक दिवस पुढं घ्या. फोनवर हात दिसत नाहीत, हेही त्याच्या लक्षात आलं नाही.

तिकडून बाजाराचा गलका ऐकू येत होता. त्यातच म्हातारा थोडंसं बोलला. पोरगी आमच्याकडं न बघता म्हणाली, "ते विचारून राह्यले, मॅच काऊन नाई पुढं ढकलत?"

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. खरंच, काऊन नाही? इतक्या दिवसांत कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मेडिकलवाले भाऊ सरांकडं वळले. सर म्हणाले, "तारीख वरून येते."

"वरून म्हणजे?"

"वरून म्हणजे वरून. आपल्या हातात नसते."

पोरीनं ते सांगितलं. म्हातारा पुन्हा बोलला, या वेळी पुष्कळ. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि आम्हाला एवढंच सांगितलं, "म्हणतात, तुह्यं तू पाह्य."

ती गावाला न जाता थांबली. कसं ठरवलं, केव्हा ठरवलं, मला माहीत नाही. तिनं नुसतं दुसऱ्या दिवशी सांगितलं, "मी खेळतो बाई." ऑटोवाल्यानं सगळ्यांना भजी खाऊ घातली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण तिचा चेहरा बघून हातातली भजी मी परत ताटात ठेवली. मी तिला म्हटलं नाही की जा. नको जाऊ असंही म्हटलं नाही. मला खरंच कळत नव्हतं काय म्हणावं.

मॅचच्या दिवशी मी खानावळ बंद ठेवली. मेडिकलवाल्यांनी दुकान नोकरावर सोडलं. आम्ही सगळे मैदानाकडं निघालो तर फाटकावर पोलीस. आत जाऊ देईनात. आमच्या पोरी गणवेशात बाहेर उभ्या. ब्रह्मपुरीच्या पोरीही बस घेऊन आलेल्या, त्याही बाहेर. कोणी मोठे साहेब येणार होते, त्यांचं हेलिकॉप्टर बाजूच्याच मैदानावर उतरणार होतं, म्हणून बंदोबस्त. मॅच पुढं ढकलली होती. नवी तारीख नंतर कळवू म्हणाले.

मला आधी कळेचना. तारीख तर वरून येत होती ना? ती हलत नव्हती ना? मग आता कशी हलली? मी सरांना विचारलं, तर सर म्हणाले, "बाई, एका दिवसानं काय बिघडते?"

तेवढ्यात ऑटोवाला मेडिकलवाल्याला विचारायला लागला की मॅच पुढं गेली म्हणजे आपला फायदा का तोटा. ब्रह्मपुरीवाल्यांना सरावाला वेळ भेटला, का आपल्याला भेटला? "चूप बसा ना आता!" मी इतक्या जोरानं ओरडले की पोलीसही वळून बघायला लागला. "फायदा-तोटा करून राह्यले! त्या पोरीकडं पाहा जरा!"

ती आपली पिशवी घेऊन भिंतीला टेकून उभी होती. मी जाऊन म्हटलं, "चाल, तुले बसमध्ये बसवून देतो. अजून दिवस आहे."

"सकाळची बस गेली, बाई. आता निघाली तर आलापल्लीपर्यंतच जाईन. पुढची गाडी नाई भेटत."

ऑटोवाला म्हणाला, मी ऑटोनं नेतो. तो भाबडा माणूस आहे, त्यानं खरंच नेलं असतं. पण तेवढ्या लांब, त्या घाटात, त्या ऑटोनं? ते शक्य नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं.

दुपारभर ती माझ्या खानावळीतच बसली. मला काम सुचत नव्हतं म्हणून मी उगाच लसूण सोलत बसले. ती पण सोलायला लागली. संध्याकाळी तिचा फोन वाजला. बाप होता. मागं पुष्कळ माणसं, पोरं, ढोल, असा नुसता कल्ला ऐकू येत होता. ती त्यांच्या भाषेत बोलली. मला त्यातला एकच शब्द कळला, मॅच. बोलता बोलता ती मोठ्यानं हसली. तिकडून कोणी तरी ओरडलं, मग सगळेच ओरडले. मला वाटलं, बरं झालं, घरच्यांनी समजून घेतलं.

फोन ठेवून ती पुन्हा लसूण सोलायला बसली.

"काय म्हणत होते गं?"

"सगळे टेकडीवर चढून आले होते, रेंज भेटावी म्हणून. गायतापण. मॅचचं काय झालं विचारत होते."

"मंग काय सांगितलं?"

"जिंकलो म्हणून सांगितलं."

माझा हात थांबला. "काऊन गं? काऊन असं सांगितलं?"

"मॅच झालीच नाई असं सांगितलं असतं, तर मी घरी काऊन नाई आली, ते काय सांगितलं असतं, बाई?"