घोडी विकली तो रविवार

फेब्रुवारीतला शेवटचा रविवार, दुपारची वेळ. रक्कम एकशे बारा डॉलर, खेळातले. हजर: मी आणि माझे भाऊजी, म्हणजे मोठ्या बहिणीचे यजमान. माझी मुलगी घरातच होती, पण आतल्या खोलीत दार लावून फोनवर बोलत होती. त्यामुळे तिला हजर धरता येत नाही. व्यवहार तिच्या घोडीचा होता.

घोडी टीव्हीच्या पडद्यावरची होती, हे आधीच सांगून टाकतो. तरी त्या दुपारी मला जो धक्का बसला तो पुरता गेलेला नाही. पडद्यावरच्या जनावरासाठी माणूस इतका हलतो, हे मला कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

मुलगी शिकली, रायपूरच्या एका कंपनीत लागली आणि घरूनच काम करायची. दसऱ्याच्या सुमारास तिने सुपेल्याच्या बाजारातून खेळाचं एक जुनं यंत्र आणलं आणि टीव्हीला जोडलं. सोबत एकच खेळ होता. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची अमेरिका, घोडे, बंदुका, बर्फाचे डोंगर. त्यातला मुख्य माणूस चाळिशी उलटलेला, खेचरं हाकणारा. त्याला इंग्रजी नाव होतं, पण आमच्या घरात सगळे त्याला 'गडी' म्हणत. हा गडी एका लुटारू टोळीत सापडतो आणि तिथून सुटून, डोंगरापलीकडच्या गावात सरळ माणसासारखं राहायचं म्हणतो. एवढीच गोष्ट, पण इतकी लांब की दसऱ्याला सुरू झाली ती फेब्रुवारी आला तरी चालूच होती.

रविवारी आम्ही सगळे बसायचो. खेळायची मुलगी, आम्ही पाहायचो. कॅम्प-१ वस्तीतून भाऊजी स्कूटरवर यायचे, दारातूनच "जयभीम, गडी कुठवर पोचला?" म्हणायचे. बायको स्वयंपाकघरातून विचारायची, "घोडीनं खाल्लं का?" कारण ती घोडी मुलीने शिंगरू होती तेव्हापासून वाढवली होती. खेळात ती सोय होती. चारायचं, खरारा करायचा, थोपटायचं. तपकिरी रंग, एक कान फाटलेला. शीळ घातली की कुठूनही धावत यायची. मुलगी बाहेर हिंदीत बोलते, मैत्रिणींशी हिंदीत भांडते, पण त्या घोडीशी मराठीत बोलायची. "चाल ना वं, थकली का?"

फेब्रुवारीत तिला हैदराबादची नोकरी लागली. गुरुवारची गाडी होती, दुर्गहून. म्हणून त्या रविवारी खेळ संपवायचाच असं ठरलं. गड्याने टोळीसोबत डोंगरातला घाट ओलांडायचा, पलीकडे तिच्यातून सुटायचं आणि गोष्ट संपणार. इतक्यात तिला नव्या कंपनीचा फोन आला. तिने यंत्राचा रिमोटसारखा खटका माझ्या हातात दिला.

"बाबा, गावात फिरा फक्त. पुढचं सुरू नका करू. आणि घोडीले चारून घ्या."

मी फिरू लागलो. गावातल्या दुकानासमोरून गेलो तर दुकानदाराने उधारी काढली. पुढे डॉक्टर, त्याचे पैसे. मग लोहार. भाऊजी सरसावून बसले.

"हे पाह्य. उद्या घाट वलांडून चालला हा, अन् गावाचं देणं ठेवून?"

आमचं काम माहीत नसलेल्याला हे समजायचं नाही. मी कारखान्याच्या हिशोब खात्यात आहे. निवृत्त होणाऱ्या माणसाचा कागद माझ्या टेबलावरून जातो. स्टोअरचं सामान परत, वाचनालयाची पुस्तकं परत, सोसायटीचं कर्ज फेडलेलं, क्वार्टरचं वीजबिल भरलेलं. सगळीकडची 'नो ड्यूज'ची सही झाल्याशिवाय शेवटचा पैसा सुटत नाही. भाऊजी आमच्याच कारखान्याच्या कोक ओव्हन विभागातून निवृत्त झाले तेव्हा वाचनालयाचं एक पुस्तक परत करायचं राहिलं म्हणून त्यांचा कागद अडकला. पुस्तक त्यांच्याच घरी, उशीखाली सापडलं. तेव्हापासून 'नो ड्यूज' हा शब्द ते इतक्या आदराने उच्चारतात की माझी बहीण वैतागते.

आम्ही दोघांनी मिळून गड्याचे नो ड्यूज काढले. डॉक्टरचे दिले. लोहाराचे दिले. दुकानदारापाशी आल्यावर पैसे संपले. खोगीर विकलं, तरी पुरेना. तबेलेवाला घोडीचे एकशे बारा डॉलर द्यायला तयार होता.

"मंग हा घाट कसा चढन?" मी विचारलं.

"बदली झाल्यावर नव्या ठिकाणी नवीन भेटते ना सगळं," भाऊजी म्हणाले. "हेल्मेट, बूट, सायकल स्टँडचा टोकन. घोडाबी भेटन. टोळीच्या मालकाजवळ इतके घोडे हायेत, एक देन का नाई देन?"

मला ते अगदी बरोबर वाटलं. पडद्यावर इंग्रजीत विचारलं, नक्की विकायची? मी हो म्हटलं. दुकानदाराचं देणं फिटलं, वर काही सेंट उरले. भाऊजींनी माझ्या पाठीवर थाप मारली. एखाद्याचं पेन्शन सुटावं तसा आनंद झाला होता आम्हाला.

मुलगी हसत बाहेर आली. रुजू व्हायची तारीख पक्की झाली होती. बायकोने गरम चीले, म्हणजे तांदळाची धिरडी, आणून ठेवले, तीही बसली. मुलीने खटका घेतला आणि सवयीने शीळ घातली.

घोडी आली नाही.

तिने पुन्हा शीळ घातली. गडी रस्त्याच्या मधोमध उभा, बर्फ भुरभुरतंय, आणि कोणी येत नाही. तिसऱ्यांदा शीळ घातल्यावर तिने आमच्याकडे पाहिलं.

"घोडी कुठं हाये?"

भाऊजी अभिमानाने म्हणाले, "क्लिअर केलं सगळं, बेटा. गावाचा एक पैसा नाई राह्यला त्याच्यावर."

तिचा चेहरा पांढरा पडला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने तबेल्यात जाऊन पाहिलं. तबेला रिकामा. तबेलेवाला म्हणाला, विकली पुढे. मागे जायची सोय नव्हती. अवघड पायरीवर खेळत असल्यामुळे खेळ आपला आपण नोंद ठेवत होता, एकच, आणि ती आमच्या व्यवहारानंतरची होती.

"दुसरी घेऊ ना," मी म्हणालो.

"कशाने? सेंटाने?"

ती खेळली मात्र. गडी पायी निघाला. टोळीचा म्होरक्या घोड्यावर पुढे, बाकीचे मागे. मी वाट पाहत होतो की आता कोणीतरी गड्याला घोडा देईल. कोणी दिला नाही. घाटात म्होरक्याने वळून पाहिलं, दोन शब्द बोलला आणि पुढे गेला. गडी चालत राहिला. बटण दाबून धरलं तरी पाय हळूहळू जड होत गेले. मग तो एका दगडाला टेकून बसला आणि मुलीच्या हातातला खटका चालेनासा झाला. ती दाबत राहिली. "उठ ना. उठ ना बे."

तो उठला नाही.

मला वाटलं ही चूक दुरुस्त व्हायची काही सोय असेल. नव्हती. नंतरचा देखावा मातीच्या ढिगाऱ्याचा. चार माणसं उभी. दुकानदार टोपी काढून म्हणाला की हा माणूस कोणाचं देणं ठेवून गेला नाही. आणि त्याच्या मागे, त्याच्या सामानाच्या गाडीला जुंपलेली, तपकिरी, एक कान फाटलेली घोडी. तिने ढिगाऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गाडी निघून गेली आणि नावं वर सरकू लागली.

चीले तसेच राहिले.  मी ताटली पुढे सरकवली, कोणी घेतली नाही.

पहिले भाऊजी बोलले. "माणूस चांगला गेला. ताठ गेला."

"गेलाच कावून पण, फुफाजी?" मुलगी म्हणाली. "पाच महिने चलाया हमने उसको. असा मराले?"

तिने मैत्रिणींना कळवलं. त्यांनीही हाच खेळ पूर्ण केला होता. फोनवर एकामागून एक आवाज येऊ लागले आणि मी चक्रावून गेलो, कारण कोणाचाच शेवट आमच्यासारखा नव्हता आणि खूश कोणीच नव्हतं. एकीचा गडी वाचला होता, पण घोडी घाटात मेली. ती म्हणाली, इससे अच्छा तो ये खुद मर जाता. दुसरीचे दोघंही वाचले, पण गडी पलीकडच्या गावात ज्या सावकाराशी भांडला त्याच्याच शेताला कुंपण घालत बसतो. तिला तो शेवट सगळ्यांत वाईट वाटला होता. तिसरीचं म्हणणं, मधले दोन महिने नुसती खेचरंच हाकली, गोष्ट फार ताणली. आणि एकजण आमचा शेवट ऐकून म्हणाली, "यार, कर्ज चुका के पैदल मरा? ये तो सबसे सुंदर है. तूने किया कैसे?"

"मी नाई केलं," मुलगी म्हणाली. "बाबांनी केलं."

फोन ठेवल्यावर बायको पहिल्यांदा बोलली. "सायकलबी अशीच देल्ली होती तुमी. दहावीचा शेवटचा पेपर झाला त्याच दिवशी, भंगारवाल्याले. पोरगी घरी आली तं सायकल नाई."

मी म्हणालो, वापरात नव्हती. खरंच नव्हती.

वातावरण हलकं करावं म्हणून भाऊजींनी विषय बदलला. "बरं, ते टेबल मी गुरुवारी संध्याकाळी नेतो मंग. टेम्पोवाल्याले सांगून ठेवलं."

"कोणतं टेबल?" मुलीने विचारलं.

भाऊजी माझ्याकडे पाहू लागले. मी पडद्याकडे पाहू लागलो. तिचं टेबल, खिडकीजवळचं, ज्यावर तिने बारावी केली, नोकरी केली, ते मी भाऊजींना त्यांच्या नातीसाठी देऊन टाकलं होतं. तिची गाडी गुरुवारी दुपारची, म्हणून संध्याकाळी. मला त्यात काही गैर वाटलं नव्हतं. हैदराबादला टेबल नेता येत नाही.

"म्हणजे मी टेशनावर पोचली का माझंबी नो ड्यूज," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "पुढच्या वेळी येईन तं शीळ घालू का दारातून?"

हे ऐकून मला बसलेला धक्का घोडीच्या धक्क्याहून वेगळा होता. मी माझ्या कामात चोख माणूस आहे, कोणाचा एक रुपया इकडचा तिकडे झालेला नाही. आणि माझ्या मुलीला भीती वाटते आहे, की ती दारातून बाहेर पडली की मी तिची जागा मोकळी करीन, हे मला पडद्यावरच्या घोडीने सांगावं लागलं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "टेबल राहील."

"टेम्पोवाल्याले सांगून ठेवलं ना मी," भाऊजी म्हणाले.

"त्याले नको म्हणा," बायको म्हणाली.

गुरुवारी तिला गाडीत बसवलं. होस्टेलवर टीव्ही नाही म्हणून यंत्र इथेच राहिलं. गाडी सुटताना ती म्हणाली, "यंत्र विकू नका." हसत म्हणाली, पण म्हणाली.

भाऊजींच्या नातीसाठी मी कॅम्प-१ च्या एका सुताराकडून नवं टेबल करवून घेतलं. मग यंत्र उघडलं. नावं सरकून गेल्यावर खेळ संपत नाही, हे मला तिच्या मैत्रिणीने सांगितलं होतं. तोच डोंगर, तेच गाव, पण गड्याच्या जागी टोळीतली खेचरांची देखभाल करणारी बाई चालवायची. मैत्रिणींनी इथूनच खेळ सोडला होता. मुख्य माणूस गेल्यावर कोण खेळतं, असं त्यांचं म्हणणं. मला तेही पटतं. त्या बाईत आणि गड्यात फरक आहे, ती त्याच्यासारखी चालत नाही, सारखी कुरकुर करते. तरी मी चिकटून राहिलो. कामावरून आलो की चहा घेत अर्धा तास. लाकडं वाहिली, कातडी विकली. भाऊजी शेजारी बसून सांगायचे, "तिकडं नको, तिकडं अस्वल हाये."

दुकानदार घोडी सोडायला तयार नव्हता. ज्याची पै न पै आम्ही फेडली होती, त्याने दुप्पट मागितली. भाऊजी पडद्याला शिव्या देऊन मोकळे झाले. माझ्याजवळ तीस डॉलर कमी होते. थांबलो असतो तर आठवड्यात जमले असते. मी डॉक्टरकडून उधार घेतले.

"अन् हे फेडाले?" भाऊजींनी घाबरून विचारलं.

"राहू द्या."

घोडी गाडीतून सोडली. शीळ घातली तर आली नाही. तीनदा, चारदा. मुलीला फोन लावून पडद्यासमोर धरला. ती तिकडे जेवत होती. "चाल ना वं," ती भरल्या तोंडाने म्हणाली. शिळेचं बटण दाबलं ते मीच, पण घोडी आली ती तेव्हा.

शेवटी दिलेली रक्कम: दोनशे चोवीस डॉलर, दुकानदाराला. सुताराला दोन हजार सहाशे रुपये. डॉक्टरचे तीस डॉलर अजून बाकी आहेत.