अर्धा भाजलेला राब

धाकटी जाऊ नखरे करते, हे मी पक्कं ठरवून टाकलं होतं. पुरावाच होता ना माझ्याकडे! होळी झाली की हिचा खोकला सुरू, छाती भात्यासारखी वरखाली. आणि माहेरी पाऊल टाकलं की आठ दिवसांत ठणठणीत. माहेर लांब, भीमेकाठी, ज्वारीच्या मुलखात. पेरणीच्या तोंडावर परत यायची ती गालावर तेज घेऊन, आणि आमच्या हातांना तोवर राबाचे फोड आलेले असायचे.

आमच्या मुळशीकडे भाताची रोपं जिथं करायची ती जमीन आधी भाजून घेतात, त्याला राब म्हणायचं. शेण, तोडलेल्या फांद्या, पाला, गवत यांचे थर रचायचे, वर माती पसरायची आणि विस्तव द्यायचा. तण मरतं, रोप जोमानं येतं. खाली घोटावड्यापर्यंत सगळीकडे एकाच सुमारास हे चालायचं. त्या दिवसांत सकाळी समोरचा डोंगर दिसायचा नाही, डोळे चुरचुरायचे, भाकरीलासुद्धा धुराचा वास यायचा. पण तो धूर आम्ही सगळेच खात होतो की! मग हिलाच काय सोनं लागून गेलं होतं?

त्या वर्षी मीच सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, औंदा तिला धाडू नका. माहेरी गेली की बरी हुतिया, म्हंजे दुखणं तरी कसलं त्ये?" सासूबाईंना पटलं. मला तर फारच पटलं होतं.

आमचा राब अजून पेटायचा होता, शेजारपाजारचे मात्र धुमसत होते. एका सकाळी मी गोठ्यात गेले, तर ही खांबाला धरून उभी. ओठ काळेनिळे पडलेले. मला हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. मी घाबरून धावत जाऊन तिला धरलं. आणि खरं सांगते, त्या भीतीतसुद्धा मला तिचा रागच आला होता. का, ते आजही कळत नाही.

सासूबाईंनी हळद-गूळ दिला, छाती शेकली. काही उतार पडेना. तेवढ्यात वरच्या धनगरवाड्यावरची म्हातारी लोणी घेऊन दारात आली. हिला बघून म्हणाली, "वर न्या हिला. वर धूर न्हाई." माझा दीर एरवी चारचौघांत बायकोकडे मान वर करून बघायचा नाही. त्यानं भर गावातून तिला पाठुंगळी घेतलं आणि डोंगर चढायला लागला. मी मागून.

वर पोचल्यावर मी वळून पाहिलं. गावच नाही! देऊळ नाही, झाडं नाहीत, नुसतं राखाडी काहीतरी साचून राहिलेलं. अगं बाई, ह्यात राहतो आपण?

सूर्य माथ्यावर आला तोवर तिचा श्वास जाग्यावर आला. तिनं ताक मागितलं.

"आदी का न्हाई बोललीस?" मी खेकसलेच तिच्यावर.

"किती येळा बोलले, अक्का."

बोलली होती. माहेरी ती बरी व्हायची, कारण तिथं राब नव्हता. इतकी साधी गोष्ट, आणि मी तिचाच पुरावा करून तिला अडवून ठेवलं होतं.

तिला म्हातारीजवळ ठेवून मी खाली आले. दुसऱ्या दिवशी आमचा राब होता. राब नाही तर भात नाही, मग पेटवू नका तरी कुठल्या तोंडानं म्हणायचं? विस्तव मीच दिला. जरा वेळानं वारा फिरला, साचलेला धूर फाटून समोरचा डोंगर दिसायला लागला आणि आमच्या राबाचा धूर सरळ धनगरवाड्याच्या वाटेला लागला. सगळ्या गावाचा धूर होताच, माझ्या एका वाफ्यानं काय फरक पडणार होता? तरी मी आग पसरू नये म्हणून ठेवलेली घागर उचलली आणि ओतली. मग दुसरी. मग माती लोटत सुटले.

"खुळी झालीस का काय!" नवरा ओरडला. मी माती लोटतच राहिले. तेव्हा वाटलं, झालेच असेन.

अर्धा वाफा तसाच राहिला. रोपं वर आली तेव्हा त्या अर्ध्यात रोप कमी आणि तण जास्त. जाऊ तोवर घरी आली होती. आम्ही दोघी शेजारी बसून ते उपटत होतो.

"अक्का, हितंच येवढं गवत कसं ओ?"

"इझला राब," मी म्हटलं. "माजाच हात चुकला."

तिनं डोंगराकडे हात केला.

"वरनं दिसत व्हतं मला," ती म्हणाली, आणि माझ्या वाट्याचं तणही उपटायला लागली.