टूर नको, केलनियाला जायचंय

कोल्हापूरच्या मध्यवर्ती एसटी स्टँडवर रिझर्व्हेशनच्या खिडकीमागं मीनाबाई कुरणे अठ्ठावीस वर्षं बसल्या. पुणे, मुंबई, हैदराबाद, पणजी, जगभरची माणसं त्यांनी सीटवर बसवून मार्गी लावली, आणि स्वतः मात्र नागपूरची दीक्षाभूमी सोडली तर लांब कुठं गेल्या नाहीत. राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालेल्या. बोलणं तोडून टाकल्यासारखं. "सुट्टे काढा, गाव नीट सांगा, मागच्याला येऊ द्या," या तीन वाक्यांवर त्यांनी निम्मी नोकरी केली. घरातही त्यांचं बोलणं यापेक्षा फार लांब नसे.

त्यांचा मुलगा अतुल पर्यटकांच्या मोठ्या बोटीवर स्वयंपाकी होता. कंपनी आपल्या माणसांच्या आईवडिलांना एकदा सवलतीत फिरवून आणायची. मीनाबाई निवृत्त झाल्या त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे २००४ च्या मार्चमध्ये, अतुलनं दोघांना कोचीला बोलावून घेतलं. कोचीहून कोलंबो, तिथून मालदीवचं माले आणि परत.

बोट पहिल्यांदा पाहिली तेव्हा मीनाबाईंचे यजमान गणपतराव धक्क्यावरच उभे राहिले. ते कागलकडच्या साखर कारखान्यातले निवृत्त फिटर. मान मागं टाकून टाकून त्यांची टोपी पडली.

"आपल्या कारखान्याची चिमणी आडवी घातली तरी हिच्या पोटात मावंल की."

"मावू दे. पुढं व्हा," मीनाबाई म्हणाल्या. पण वर चढताना त्यांनीही एकदा खाली वाकून पाण्याकडं पाहिलं, आणि कठडा घट्ट धरला.

खरा प्रश्न आला तो कोलंबोच्या आदल्या संध्याकाळी. अतुल एक रंगीत कागद घेऊन आला. बोटीच्या टूरचा. सकाळी एसी बस धक्क्यावर येणार, छातीला नंबरची चिकटी लावणार, पुढं झेंडा घेतलेली बाई चालणार. शहर, रत्नांचं दुकान, चहाचं दुकान, जेवण आणि एक विहार, वीस मिनिटं.

"वीस मिनिटं?" मीनाबाईंनी कागद परत दिला. "चपला काढायला पाच आणि घालायला पाच. उरलेल्या दहा मिनिटांत फोटो. नको. मला केलनियाला जायचंय, तिथल्या जुन्या विहारात. उद्या पौर्णिमा आहे. तिथं लोक उपोसथाला, दिवसभराच्या व्रताला बसतात, भन्ते शील देतात. मी वाचलंय."

"आई, ऐक. टूरची बस अडकली तर बोट थांबते. तुम्ही आपलं आपण गेलात आणि उशीर झाला तर थांबत नाही. साडेचारला शिडी वर घेतात. मग विमानानं माले गाठायचं, ते तुम्हाला जमणार आहे का? आणि मला वरचे लोक काय म्हणतील?"

"थांबू नयेच. एका माणसासाठी गाडी थांबवणारे कंट्रोलर मी पुष्कळ बघितलेत. बाकीचे चाळीस काय गवत खायला बसलेत?"

"मग जा ना टूरनं."

मीनाबाई भांडण अर्ध्यात टाकून खाली बसल्या. हे फार क्वचित व्हायचं, त्यामुळं बापलेक दोघंही सावध झाले.

त्यांची आई, तिला सगळे आक्का म्हणत, कबनूरच्या यंत्रमागांवर कांड्या भरायची. अक्षरओळख नव्हती. छप्पन्न सालानंतर वस्तीत एक भन्ते दोन दिवस राहून गेले, तेवढ्यात आक्कानं त्रिसरण आणि पंचशील कानांनी उचललं. पुढं चाळीस वर्षं ते पाली शब्द ती म्हणत राहिली. मागांच्या खडखडाटात तिला स्वतःला ऐकू येत नसे, तरी ओठ हलायचे. कॉलेजात गेलेली मीना तिला म्हणायची, "आक्का, दोन दिवसांत कानावर पडलेलं. बरोबर म्हणतेस कशावरून?" आक्का सांगायची, "मला काय म्हाईत? जाऊन इचार कुणाला तरी." विचारायचं कुणाला? शेजारच्या गल्लीत तर वंदनेचा आवाज गेला की खिडक्या लागायच्या. आक्का सत्त्याण्णव साली गेली. प्रश्न तसाच राहिला, आणि विचारणारी आता साठीला आली होती.

"मला ऐकायचंय," मीनाबाई म्हणाल्या, "आपण म्हणतो ते तेच आहे का. वीस मिनिटांत ते होत नाही. एवढंच."

अतुलनं कागदाची घडी केली. "तीनच्या आत तिथून निघायचं. शपथ घे."

"शपथ कसली घालतोस मला? तीन म्हणजे तीन."

सकाळी धक्क्यावर टूरवाले चिकट्या लावून रांगेत उभे होते. हे दोघं त्यांच्या कडेनं निघाले. मीनाबाईंनी पांढरं पातळ नेसलेलं, गणपतरावांचा पांढरा सदरा. फाटकाबाहेर बंदुकवाले शिपाई, त्यांच्या पलीकडं तीनचाकी रिक्षा. मीनाबाईंनी इंग्रजीत भाव ठरवला आणि अर्ध्या तासात त्या केलनियाच्या दारात उतरल्या.

दारात फुलं विकणाऱ्या बायका होत्या. मीनाबाई कमळं घ्यायला पुढं गेल्या आणि मागं रिक्षावाला गणपतरावांना धरून काहीतरी विचारू लागला. सिंहली, मधूनच "टाइम? टाइम?" गणपतरावांना वाटलं, वेळ आहे ना विचारतोय.

"टाइम हाय की," ते म्हणाले.

"हय?"

"हाय, हाय. लई हाय."

रिक्षावाला खूश झाला, मान डोलावून गेला. "परत न्यायला येतोय म्हणला," गणपतरावांनी बायकोला सांगितलं. तिनंही पुढं विचारलं नाही. समोर जे दिसत होतं त्यानं तिची विचारायची सवयच गेली होती.

पांढरी वाळू, पांढरा स्तूप, आणि पांढऱ्या कपड्यांची माणसं, नजर जाईल तिथपर्यंत. म्हातारे, शाळेतली पोरं, बाळंतिणी, पोलिसातला एक जाडा माणूस, सगळे पांढऱ्यात. स्तूपाचा आकार खळ्यावर भाताची रास घालावी तसा.

"रास हाय ही," गणपतराव हळूच म्हणाले. "कुणीतरी मापायचीच इसरलंय."

वडाएवढा थोरला बोधिवृक्ष, त्याच्याभोवती घागरीनं पाणी घालत फिरणाऱ्या बाया. एवढी माणसं आणि आवाज म्हणावा तर वाळूवरच्या अनवाणी पायांचा. स्टँडवर जन्म गेलेल्या बाईला गर्दी अशीही असते हे ठाऊक नव्हतं.

सावलीत चटया टाकून लोक बसले होते. एका म्हातारीनं आपली चटई थोडी ओढून मीनाबाईंना जागा केली. भन्ते आले, माइकपुढं बसले, आणि म्हणायला लागले.

चाल अगदी निराळी होती. लांबवलेली, संथ, पाण्यावर नाव सरकावी तशी. पहिले दोन शब्द मीनाबाईंना कळलेच नाहीत. म्हणजे आक्काचं चुकलं होतं. तिसरा शब्द मात्र ओळखीचा निघाला. मग चौथा. मग मागचे दोनही उलगडले. तेच होते, नुसते लांबवलेले. मग हजारभर माणसांनी एकदम शील म्हणायला सुरुवात केली. पहिलं, दुसरं, तिसरं, शब्दाला शब्द, कबनूरच्या पत्र्याच्या खोलीत म्हणायचे त्याच क्रमानं. मीनाबाईंच्या तोंडून ते कधी निघू लागलं हे त्यांना कळलं नाही. अंगावर काटा आला तो जाईना. दोन हजार वर्षं ही माणसं हे म्हणत होती. समुद्र मधे होता. आणि इकडं कांड्या भरणाऱ्या एका अडाणी बाईनं दोन दिवसांत उचललेल्यात एक अक्षर इकडचं तिकडं झालं नव्हतं. इथं खिडकी लावणारं कुणी नव्हतं. अख्खा देश म्हणत होता.

संपल्यावर सगळ्यांनी तीनदा "साधु" म्हटलं. हेही तेच.

शेजारची म्हातारी त्यांच्याकडं बघत होती. मोडक्या इंग्रजीत तिनं विचारलं, कुठल्या? मीनाबाई म्हणाल्या, इंडिया. म्हातारीनं तोंडावर हात घेतला. "दंबदिव," ती म्हणाली, म्हणजे आपलं जंबुद्वीप, आणि बुद्धाच्या देशातून आली म्हणून तिनं वाकून मीनाबाईंच्या पायांना हात लावला.

मीनाबाई मागं सरकल्या. तिकीट घेताना बोटाला बोट लागू नये म्हणून पैसे खिडकीत टाकणारी गिऱ्हाइकं त्यांनी पाहिली होती, आणि त्यांना सुनावलंही होतं. याला काय बोलायचं ते मात्र अठ्ठावीस वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी म्हातारीचे दोन्ही हात धरले आणि तशाच बसून राहिल्या.

दोन वाजता त्या स्वतःहून उठल्या. दारात रिक्षा नव्हती. सव्वादोन झाले. अडीच झाले.

"काय बोलला होता तो? नीट सांगा."

"टाइम इचारत होता. मी म्हणलं, हाय."

जवळ मुलींची रांग लावणाऱ्या एका शिक्षिकेला मीनाबाईंनी इंग्रजीत सगळं सांगितलं. गणपतरावांना पुन्हा म्हणून दाखवायला लावलं. "हाय," ते ओशाळून म्हणाले. शिक्षिकेला हसू आवरेना. भिंतीला टेकून तिनं सांगितलं, सिंहलीत हय म्हणजे सहा. तो सहाला येईल.

"आमच्यात हाय म्हंजे हाय," गणपतराव म्हणाले.

"साहेब," मीनाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "दोन वर्षं मुंबईला ट्रेनिंगला होतात तेव्हा 'आहे' म्हणायला शिकला असतात तर?"

"मग न्हाय म्हणलं असतं तरी चाललं असतं का, ते तरी इचार तिला."

शिक्षिकेनं सांगितलं, ते चाललं असतं. त्यांचं 'नाही' जवळपास तसंच आहे. आता मीनाबाईही हसल्या, पण घड्याळाकडं बघत. तीन वाजून गेले तरी पौर्णिमेच्या गर्दीत दुसरी रिक्षा मिळेना. शिक्षिकेनं त्यांना रस्त्यावर नेऊन बंदराकडच्या बसमध्ये चढवलं आणि कंडक्टरला बजावलं. बस मुंगीच्या पावलानं निघाली. रस्त्यात ठिकठिकाणी लोक प्रवाशांना सरबत वाटत होते आणि ड्रायव्हर प्रत्येक ठिकाणी थांबत होता. एरवी अशा ड्रायव्हरची मीनाबाईंनी लेखी तक्रार केली असती. त्यांनी सरबत घेतलं. प्याल्याही. डोळे मात्र घड्याळावर होते, आणि मनात अतुलचे वरचे लोक.

सव्वाचारला कंडक्टरनं हातानं पुढचा रस्ता दाखवला आणि दोघं उतरून पळायलाच लागली. साठीतली बाई पांढरं पातळ घोट्यापर्यंत उचलून, मागं टोपी हातात धरलेला नवरा. शिपायांनी कागद बघायला चार मिनिटं घेतली. शिडीशी पोचले तेव्हा चार पंचवीस. अतुल स्वयंपाकघराच्या पांढऱ्या कोटातच खाली उभा होता, चेहरा राखेसारखा.

"तीन म्हणजे तीन म्हणालीस."

"चुकलं," मीनाबाई म्हणाल्या. हा शब्द पोरानं आईच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

वर डेकवर टूरवाले चहाची खोकी दाखवत बसले होते. बोट हलली. गणपतराव सहा वाजताची गोष्ट तिसऱ्यांदा सांगत होते आणि दर वेळी रिक्षावाला जास्त शहाणा होत होता. अतुलनं मालेचा टूरचा कागद पुढं केला, काचेच्या तळाच्या होडीतून मासे बघायचा.

"उद्या तरी बसनं... म्हणजे तिथं होडीनं. पण बोटीच्या माणसांबरोबर. माझ्यासाठी."

"माझं भर," गणपतराव म्हणाले. "माणसं मोजून परत आणणारा मला आता बरा वाटतोय."

"आई?"

मीनाबाई कोलंबोच्या किनाऱ्याकडं बघत होत्या. त्यांनी कागद घेतला, नीट वाचला, आणि परत दिला.

"यांना पाठव. मी बोटीवरच बसते."

"एकटी? परत कधी येणार आहेस मालेला?"

"नाही येणार," त्या म्हणाल्या. "पण आज जे ऐकलं त्यावर उद्या लगेच मासे बघायचे नाहीत मला."