पितळी परातीचा पंचनामा

कुणाच्या स्वयंपाकघरात पितळेची परात भिंतीला टेकवून ठेवलेली दिसली की मला ते प्रकरण हटकून आठवतं. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, बीड जिल्ह्यातल्या निवडणुकांचे बंदोबस्त केले. पण ठाण्यात आलेल्या कुणासमोर मनातून उठून उभं राहावं, असं क्वचितच वाटलं. त्या परातवाल्या बाईसमोर वाटलं. खरी नावं सांगणार नाही, कारण ती माणसं अजून त्याच गावात नांदतात.

दुष्काळाचं वर्ष होतं. माझं ठाणं चौसाळ्याच्या पट्ट्यात, महामार्गाला लागून. ठाण्यातसुद्धा पाणी टँकरनंच यायचं. रोजच्या तक्रारी म्हणजे पाण्याच्या रांगेतली मारामारी, नाहीतर विहिरीवरच्या मोटरची चोरी. अशात एका गावातून अर्ज आला. अर्जदार गावच्या सोसायटीचा चेअरमन. मजकूर असा की, गया नावाची एक बाई 'मंगल' या दुसऱ्याच बाईच्या रेशनकार्डावर सरकारी योजनेतून कॅन्सरचे फुकट उपचार घेत आहे, तरी शासनाच्या फसवणुकीचा गुन्हा दाखल व्हावा.

अर्ज टेबलावर पडतो न पडतो तोच वरून फोन. "चेअरमन आपला माणूस आहे, लगेच गुन्हा घ्या." फोनवरून मला कायदा शिकवणारे लोक मला कधीच आवडले नाहीत. मी म्हटलं, "आधी चौकशी करतो, मग बघू." आणि फोन ठेवला.

चेअरमननं अर्जाची एक प्रत परस्पर रुग्णालयालाही पाठवली होती. रुग्णालयानं कळवलं की पोलिसांचा अहवाल येईपर्यंत पुढच्या औषधाची मंजुरी थांबवली आहे. मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "साहेब, गाठ छातीची आहे. औषध चालू असताना मध्येच खंड पडला तर आधीचं सगळं वाया जाईल." म्हणजे इकडे आमचा कागद रेंगाळला की तिकडे एक बाई मरणार. अर्ज चौकशीला सहसा कुणी घाई करत नाही, पण ही चौकशी मी स्वतःकडे घेतली.

बाई आजारी, तिला ठाण्यात कशाला बोलवायचं? महिला शिपायाला बरोबर घेऊन मीच गावात गेलो. गावाच्या कडेला पत्र्याच्या खोलीत ती बसलेली. केस गेलेले, पदर कपाळापर्यंत ओढलेला. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. चेअरमन तिचा सख्खा मोठा दीर.

"माहेरची मी गया," ती म्हणाली. "लग्नात मंगल झाले. रेशनकार्डावर मंगल हाय. आधारचा कॅम्प लागला तवा आईच्या आजारपणाला माहेरी गेलते. तिथल्या मास्तरानं शाळेच्या दाखल्यावरून गया लिवलं. दोन्ही नावं माझीच, असं म्या कोर्टात शपथेवर लिवून दिलंय की."

"मग दीर असं कशापायी करतो?" महिला शिपाई तिथलीच होती, तिनं त्या बोलीतच विचारलं.

"इचारा त्यांनाच." मग माझ्याकडं वळून ती म्हणाली, "साहेब, माझी नावं दोन हायत, पण गाठ एकच हाय. तिला कोणतंबी नाव लिवा. पण दवा थांबू देऊ नका."

रडली नाही. मी तिचा जबाब लिहून घेतला.

आता लग्नात बायकोचं नाव बदलणं ही आपल्याकडची जुनीच रीत. नवरीचं नवं नाव तांदळात अंगठीनं लिहायचं, नवऱ्यानं ते वाचायचं, पेढे वाटायचे. शपथपत्र म्हणजे तिचंच म्हणणं, त्याला दुसऱ्या कुणाची तरी साक्ष हवी होती; गावातल्या कुणीही सांगावं की हीच गया आणि हीच मंगल. मी घरोघर विचारलं. एकजात उत्तर: "आमाला काय म्हाईत न्हाई, साहेब." तिच्या लग्नात पंगतीला वाढलेली माणसं अशी बोलत होती! तिचे आईवडील वारलेले, भाऊ ऊसतोडीला परमुलखात गेलेला. त्याचा पत्ता कुणालाच नव्हता.

ह्याचा उलगडा आमच्या टँकरवाल्यानं केला. ठाण्याच्या टाकीत पाइप सोडून तो माझ्याजवळ आला. "गाव बोलणार न्हाई, साहेब. चारा छावणी सोसायटीची हाय, म्हंजे चेअरमनची. समद्यांची जनावरं त्याच्या दावणीला हायत. आज बोललं तर उद्या बैलाला पेंडी मिळायची न्हाई."

"पण भावजयीवर एवढा राग कशाचा?"

"तिनं जिमिनीत नवऱ्याचा हिस्सा मागितला ना! कोर्टाची नोटीस आली, तवापासून हे सुरू हाय."

मी खात्री करून घेतली. खरं होतं. उपचार योजनेतून झाले तरी जाणं-येणं, खाणं, बाहेरून आणायच्या गोळ्या कुठून भागवायच्या? रुग्णालयातल्या समाजसेविकेनं तिला सांगितलं होतं की बाईमाणसाला कोर्टाकडून फुकट वकील मिळतो. ही पोरगी एकटी, एसटीनं जाऊन, वकील मिळवून आली होती. तिच्या जागी मी असतो तर अंथरुण धरून पडलो असतो.

चेअरमनला बोलावलं. पांढरेशुभ्र कपडे, तोंडात विडा. मी चहा मागवला. समोरच्याला आधी बोलू द्यावं, हा माझा नियम. माणूस खोटं बोलायला लागला की थांबायचं कुठं हे त्याला कळत नाही.

"भावाच्या बायकोचं नाव?"

"मंगल."

"ती कुठं आहे?"

"लग्नानंतर साल-दोन सालात नांदायची सोडून गेली."

"मग ही गया कोण?"

त्यानं चहाचा घोट घेतला. "आता काय सांगावं, साहेब. भाऊ आमचा भोळा. ठेवली व्हती त्यानं."

मेलेल्या भावाची इज्जत हा माणूस एका घोटात पिऊन गेला. माझं डोकं फिरलं होतं, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही. त्याचा जबाब शब्द न् शब्द लिहून घेतला, वाचून दाखवला, सही घेतली. जाताना हसत म्हणाला, "गावात कुणालाबी इचारा."

हीच तर पंचाईत होती. मला खरं ठाऊक होतं आणि पुरावा नव्हता. तिकडे औषधाची तारीख जवळ येत होती.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी पाण्याचा टँकर आला. ड्रायव्हरच्या शेजारून एक बाई उतरली. काखेत जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी मोठं. ठाणे अंमलदार म्हणाला, "बाई, पाणी घ्या आधी." ती म्हणाली, "पाणी नंतर. साहेब कुठं हायत?"

ती चेअरमनची बायको होती. म्हणजे गयाची थोरली जाऊ.

तिनं लुगडं सोडलं आणि माझ्या टेबलावर पितळेची परात ठेवली. काठाला सकाळचं पीठ वाळलेलं होतं. कडेनं अक्षरं कोरलेली. मी बोटानं पीठ खरवडून वाचलं. चि. अमुक व चि. सौ. कां. गया यांस मामाकडून सप्रेम भेट. अमुक म्हणजे चेअरमनचा वारलेला भाऊ.

"काल घरी सांगत व्हते, गयाला ठेवली व्हती म्हणून. ठेवलेल्या बाईला कुणी मामा आहेर करतो का, साहेब?" ती म्हणाली. "लग्नापासनं ही परात माझ्याच घरात हाय. रोज हिच्यात भाकरी थापते. तांदूळ पसरले ते हिच्यातच. आन् मंगल नाव म्या सुचवलं. माझी पाठची बहीण व्हती, लहानपणी गेली. तिचं नाव दिलं म्या हिला."

"घरी माहीत आहे, तुम्ही इथं आलात ते?"

"आता कळंल."

मी दोन पंच बोलावले, परातीचा पंचनामा केला. रायटरनं 'पितळी परात, नग एक' असं लिहिताच ती म्हणाली, "परत कधी देणार? पीठ कशात मळू?" अख्खं ठाणं हसलं. त्या दिवसांत ठाण्यात हसू तसं दुर्मीळच होतं.

चेअरमनला पुन्हा बोलावलं. टेबलावर परात आणि बाकावर बायको बघून विडा त्याच्या तोंडातच राहिला.

"ही परात तुमच्या घरची?"

त्यानं कडेची अक्षरं वाचली. "व्हय." मग उसळून बायकोकडं वळला, "बाईमाणूस हाय ती, साहेब. तिला काय कळतंय?"

"न्हाईच कळत," ती बसल्या जागेवरून म्हणाली. "म्हणून खरं बोलते."

वा रे पठ्ठी! एवढ्या वर्षांत कसलेल्या वकिलांनाही असं उत्तर सुचलेलं मी ऐकलं नाही.

त्याच संध्याकाळी अहवालावर जावक नंबर टाकला आणि खास शिपाई देऊन रुग्णालयात पोचवला. औषध वेळेवर सुरू झालं. खोटी माहिती दिली म्हणून चेअरमनवर कलम लावायचं मी ठरवलं होतं. गया आडवी आली. "नका, साहेब. घर जाऊबाईचंबी हाय." पुढं वकिलानं हिश्श्याचं काम मार्गी लावलं, सातबारावर तिचं नाव चढलं. आणि जाऊ बोलली म्हटल्यावर गावाचीही तोंडं उघडली. जनावरं छावणीतच राहिली, पेंडी कुणाची बंद झाली नाही. चेअरमनची तेवढी हिंमत उरली नव्हती.

ह्या प्रकरणानं मला एक शिकवलं. पुरावा बहुतेक वेळा कुणाच्या तरी घरात रोजच्या वापरात असतो. आम्ही पोलीस तो शोधल्याचा आव आणतो. खरं तर कुणीतरी तो काखेत मारून उन्हातान्हात आणून द्यावा लागतो, आणि त्यासाठी स्वतःचं घर पणाला लावावं लागतं.

काही दिवसांनी, गयाचं रुग्णालय होतं त्या शहरात एक आरोपी घेऊन गेलो होतो. काम उरकल्यावर रुग्णालयात डोकावलो. गया कॉटवर बसून पेज पीत होती, वाटी जाऊ धरून होती. वॉर्डात रक्ताच्या नात्याचं माणूसच राहू शकतं, असा तिथला नियम. जाऊच्या गळ्यात पास लटकत होता. मी सवयीनं वाचला. रुग्णाशी नातं: सख्खी बहीण.

मी वाचतोय हे तिच्या ध्यानात आलं. वाटी हातातच राहिली. "साहेब," ती हळूच म्हणाली, "तेवढं खोटं लिवलंय बघा."

"खोटं कुठं आहे?" मी म्हणालो. "चौकशी मीच केलीय. बरोबर लिहिलंय."